पेटीतला अर्धा कोर

माझी मावशी दगड कापायची असं सांगितलं की लोक विचारतात, फरशीच्या कारखान्यात का? मग मला पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि पहिल्यापासून सांगायचं तर डोंगरापासून सुरुवात करावी लागते.

आमच्या गावामागे एक बुटका, रुंद डोंगर आहे. दिसायला काही खास नाही. माथ्यावर गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचा दगड आणि खाली करड्या चुनखडीचे थर. त्या गंजक्या दगडाला जाणकार लोक टोपी म्हणतात. जमिनीत धातूची गंधक असलेली खनिजं असली की ती हवापाण्याने वरून कुजत जातात आणि मागे ही लोखंडी टोपी उरते. टोपी आहे म्हणजे खाली डोकं असणारच, असं धरून लोक शोधायला येतात. कधी डोकं असतं, कधी नुसती टोपीच. आमच्या डोंगराखाली शिसं आणि जस्त होतं. फार फार पूर्वी त्या चुनखडीला भेगा पडल्या, खालून गरम खारं पाणी त्यांतून वर आलं आणि बरोबर आणलेलं शिसं-जस्त तिथे टाकून गेलं. टाकलं तेही धडपणे सगळीकडे नाही. इथे मूठभर, तिथे ओंजळभर, मधे काहीच नाही. हा अर्धवट कारभार पुढे आम्हा सगळ्यांना भोवला.

डोंगराच्या पोटाशी जुने खड्डे आहेत, वाकून आत शिरता येईल एवढे. ते कोणी खणले हे कोणालाच ठाऊक नाही. जवळपास धातू गाळायच्या भट्टीतली काळी मळी सापडते, एवढाच त्यांचा पत्ता. नंतर कधीतरी सरकारी मोजणीवाले आले, त्यांनी ओढ्यातली वाळू पिशव्यांत भरून नेली, वाळूत शिसं निघालं आणि नकाशावर आमच्या गावाशेजारी एक बारीक ठिपका पडला. ठिपका म्हणजे इथे खनिज आढळतं, बस. खाण असली तर दोन हातोडे एकमेकांवर आडवे काढतात. ठिपक्याचे हातोडे व्हावेत म्हणून पुढे एकामागून एक कंपन्या येत राहिल्या. मुलगी बघायला यावं तशा यायच्या, चहा प्यायच्या, कळवतो म्हणायच्या आणि जायच्या. मनापासून आली ती पहिलीच. तिने माथ्यावर ड्रिल मशीन चढवलं, पायथ्याशी पत्र्याची लांबलचक शेड बांधली आणि मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या काकांना, ड्रिलर म्हणून घेतलं. मावशीला शेडमध्ये काम मिळालं.

ड्रिल मशीन जमिनीतून दगडाची लांब गोल कांडी काढतं. तिला कोर म्हणतात. त्या कांड्या ओळीने खाचांच्या पेट्यांत मांडतात, कोणती किती खोलीवरची हे लाकडाच्या ठोकळ्यावर लिहून मधे ठेवतात. मग प्रत्येक कांडी करवतीवर उभी चिरायची. अर्धा भाग पिशवीत भरून प्रयोगशाळेत जातो, तिथे त्याची पूड करून शिसं किती, जस्त किती ते काढतात. उरलेला अर्धा पेटीत कायमचा राहतो, साक्षीला. मावशी ही चिरणारी. रबरी एप्रन, कोपरापर्यंत मोजे, केस रुमालात घट्ट बांधलेले, आणि करवतीवर सतत पडणाऱ्या पाण्याने पायाशी करडा चिखल. शिशाचं खनिज चिरताना आंबूस, गंधकी वास सुटायचा. तो तिच्या केसांतून कधी गेला नाही. लहानपणी तिच्या कुशीत झोपताना मी नाक मुरडायचे, आणि ती म्हणायची, "वास नको असेल तर तुझ्या आईकडे झोप, ती काही करत नाही." माझी आई हे ऐकून आठवडाभर तोंड फुगवायची.

काका मितभाषी नव्हते, हे आधीच सांगून टाकते. मशीनच्या आवाजावरून आणि भोकातून, म्हणजे होलमधून, परत येणाऱ्या पाण्याच्या रंगावरून खाली काय लागलं ते त्यांना कळायचं. पाणी शिशाच्या रंगाचं झालं की ते हरखून जायचे आणि पाळी संपली की माथ्यावरून उतरून थेट शेडमध्ये यायचे. आपण काढलेला दगड आतून कसा आहे ते बघायला. मावशीने आधीच्या कांड्या चिरून पेटीत लावून ठेवलेल्या असायच्या. त्यांची पावलं ऐकली की ती स्पंज पाण्यात बुडवून कोरवरून फिरवायची. ओला झाला की दगड बोलायला लागतो, शिशाचे करडे चकचकीत चौकोन आणि मधासारखं तपकिरी जस्त वर उठून दिसतं. काका कमरेवर हात ठेवून बघत राहायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा, असं मावशीनेच मला सांगितलं, आणि मावशी कोणाच्या चेहऱ्याचं कौतुक करणाऱ्यांतली नव्हती.

खनिज मुठीमुठीने विखुरलेलं, त्यामुळे कांडी उभी चिरली की दोन्ही अर्धे सारखे क्वचितच निघायचे. एकात चमकदार गठ्ठा, दुसऱ्यात नुसती चुनखडी. एक हाताला जड, एक हलका. कंपनीच्या साहेबांनी सांगितलं होतं, अर्धा पिशवीत आणि अर्धा पेटीत. कोणता अर्धा कुठे, हे सांगायचं राहून गेलं. त्यांना ते इतकं साधं वाटलं असणार की सांगायची गरजच भासली नाही. आणि मावशीला विचारायची गरज भासली नाही, कारण तिच्या दृष्टीने उत्तर उघड होतं. पिशवीतला दगड कुटून त्याचं पीठच होणार. पेटीतला माणसं बघणार, काका बघणार. चांगला तो पेटीत.

प्रयोगशाळेचे निकाल आले ते निराशाजनक. डोंगर गरीब, खाण परवडणार नाही. कंपनीने गाशा गुंडाळला.

तोवर काकांनी गावभर सांगून ठेवलं होतं की खाण होणार. त्यांच्या शब्दावर कोणी घराला वरचा मजला चढवला होता, भाड्याने द्यायला. सुताराने हाताखाली माणसं ठेवली होती. न्हाव्याने दुसरी खुर्ची आणली होती, तिच्यावर पुढे त्याची मांजर झोपायची. लोक वाईट नव्हते, पण तोंडघशी पडलेल्या माणसाला चिडवायला कोणीतरी लागतंच. काकांचं नाव 'खाणमालक' पडलं. "काय खाणमालक, आज खाणीला सुट्टी?" हसत हसत म्हणायचे, आणि काकाही सुरुवातीला हसायचे. मग ते हसायचे थांबले. मग बाजाराच्या रस्त्याने जायचे थांबले, वळसा घालून मागच्या गल्लीतून घरी येऊ लागले. ड्रिलिंग सोडून त्यांनी पाण्याचे पंप दुरुस्त करायला घेतले. जेवताना मधेच घास थांबवून म्हणायचे, "पाणी शिशाच्या रंगाचं होतं. मी डोळ्यांनी बघितलंय." मावशी म्हणायची, "होतं हो, मीही बघितलंय. जेवा आता." हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की त्यासाठी मीठ वाढणाराही हात थांबवत नसे.

शेड मात्र उभी राहिली आणि मावशी तिची राखणदार झाली. कुलूप लावायचं, वाळवी झाडायची, पेट्या ओळीत ठेवायच्या. पुढच्या कंपन्या आल्या की ती पेट्या उघडून, कोर ओला करून दाखवायची. बघणारे थक्क व्हायचे. मग जुने निकाल वाचायचे आणि चक्रावून निघून जायचे. पेट्या बघितल्या तर डोंगर श्रीमंत, निकाल वाचले तर भिकारी. असं का, हे कोणी मुळाशी जाऊन विचारलं नाही. गावालाही वाटायचं, डोंगरच लबाड आहे.

मग अलीकडे एक नवी कंपनी आली. तिची भूगर्भतज्ज्ञ एक तरुण मुलगी होती. गावाने लगेच तिला 'दगडवाली' करून टाकलं. तिने ठरवलं की पेट्यांतले जुने अर्धे पुन्हा चिरून पाव भाग नव्याने तपासायचा. करवत चालवायला मावशीइतकं अनुभवी जवळपास कोणी नव्हतं. मावशीने रुमाल बांधला, एप्रन चढवला आणि या वयात पुन्हा कामाला उभी राहिली. काका तेव्हा बरेच थकले होते. दगडाची धूळ फुप्फुसात बसलेली, दोन खोल्या ओलांडल्या की दम लागायचा. मी औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे त्यांची श्वासातून ओढायची औषधं पोहोचवणं माझ्याकडे होतं, आणि त्या दिवसांत मी रोज त्यांच्याकडे जायचे.

पहिल्याच दिवशी दगडवालीने पेन्सिलीने कोरवर रेघ मारली आणि सांगितलं, "मावशी, रेघेच्या उजवीकडचा भाग नेहमी पिशवीत. कसाही असू दे."

"कसाही म्हणजे?"

"चमकता असो, मळका असो. डोळे मिटून उजवा. नाही तर हात आपोआप चांगला तुकडा निवडतो आणि सगळा हिशेब बिघडतो."

मावशीने मला नंतर सांगितलं की तिने करवत बंद केली, पाणी चालूच राहिलं आणि ती त्या पाण्याकडे बघत उभी राहिली. त्या मुलीला वाटलं, म्हातारी दमली. तिने स्टूल आणून दिलं.

निकाल यायच्या आधीच ते काय येणार हे मावशीला कळून चुकलं होतं. आणि तसेच आले. पेट्यांतला कोर जुन्या निकालांच्या कितीतरी वरचढ निघाला. डोंगर श्रीमंत होता. बातमी शेडमधून बाहेर पडायला वेळ लागला नाही, आणि गावाने ती डोक्यावर घेतली. जुन्या प्रयोगशाळेने घोळ केला होता म्हणे. म्हणजे खाणमालक खरंच बोलत होता.

त्या आठवड्यात काकांना बघायला हवं होतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. दाढी करून घेतली, तीही न्हाव्याकडे जाऊन, बाजाराच्या रस्त्याने, प्रत्येक ओट्यावर दम घेत. प्रत्येक ओट्यावर कोणी ना कोणी त्यांना बसायला जागा दिली. सुतार, ज्याने सगळ्यांत जास्त चिडवलं होतं, स्वतः घरी आला आणि म्हणाला, "काका, आम्ही तुम्हाला फार छळलं." काका म्हणाले, "जाऊ दे रे," आणि तो गेल्यावर तोंड फिरवून बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी औषधाची डबी त्यांच्या हातात देत होते, म्हणून मला दिसलं.

मावशीने त्याच दिवशी मला मागच्या अंगणात ओढत नेलं आणि सगळं सांगितलं. जुना निकाल खोटा, कारण तिने मळका अर्धा पाठवला. नवा निकालही खोटा, कारण पेटीत चांगला अर्धा राहिला. खरं काय ते दोन्हींच्या मधे, आणि मधल्या आकड्यात खाण बसते की नाही, हे ती दगडवालीच सांगू शकेल.

मी तिला म्हटलं, "गप्प बस."

"अगं, पण..."

"पण नाही आणि बिण नाही. त्या माणसाचे किती दिवस राहिलेत ते मला त्यांच्या औषधांवरून कळतं. तेवढे दिवस त्यांना मान वर करून जगू दे. कंपनीचं कंपनी बघून घेईल."

मी हे आजही म्हणेन. मला कंपनीची दया येत नव्हती, डोंगराची तर मुळीच नाही.

मावशीने अंगणाच्या भिंतीवरून समोर बोट दाखवलं. तिथे कोणीतरी छपरावर पुन्हा विटा चढवत होतं. "मागच्या वेळी ह्यांनी सांगितलं म्हणून त्यांनी मजला बांधला," ती म्हणाली. "ह्यांना निदान ते खरं वाटत होतं. मला तर ठाऊक आहे." मग ती आत गेली, पायांत चपला सरकवल्या आणि शेडकडे निघाली. मी हाक मारली नाही. मारली असती तरी ती थांबली नसती.

दगडवाली शहाणी मुलगी होती. तिने आरडाओरडा केला नाही. म्हणाली, "दोन निकालांत इतका फरक का, याची मला शंका होती. पण मी प्रयोगशाळेला दोष देत बसले. तुम्हाला विचारायला हवं होतं." मग तिने दोन्ही निकाल एकत्र धरून हिशेब मांडला आणि खात्रीसाठी काकांच्या जुन्या होलच्या अगदी शेजारी एक नवा होल मारायला लावला. मशीनचा आवाज घरापर्यंत येत होता. काका खिडकीशी खुर्ची ओढून दिवसभर ऐकत बसायचे. म्हणायचे, "आता लागलं बघ. आवाज बसला."

त्या खिडकीशीच मावशीने त्यांना सांगितलं. मी दारात होते. तिने काही सजवून सांगितलं नाही. "अहो, मी चांगला अर्धा पेटीत ठेवायचे. मळका पाठवायचे. सगळ्या होलचा. तुमचे निकाल त्याच्यामुळे पडले. आणि आत्ताचे चढले तेही त्याच्यामुळेच."

काका खिडकीकडून तिच्याकडे वळले. त्यांना समजलं नाही असं मला वाटलं. मग ते म्हणाले, "का ठेवायचीस?"

"तुम्ही बघायला यायचात म्हणून."

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. जेवायचे, औषध घ्यायचे, मी विचारलं तर मला उत्तर द्यायचे. तिने ताट पुढे ठेवलं की ताटाकडे बघायचे. मावशी रडली नाही, पण ती घरात पाहुणीसारखी वावरू लागली. एका कपाला हात लावतानाही आवाज होऊ नये अशी. मला त्या दोघांचा भयंकर राग आला होता आणि दोघांसाठी जीव तुटत होता. नव्या होलचा निकाल आला, तो अगदी मधलाच होता. डोंगरात शिसं होतं, जस्त होतं, पण खाणीपुरतं नव्हतं. नकाशावर ठिपका होता, ठिपकाच राहणार होता.

कंपनीने शाळेच्या दालनात सभा बोलावली. सगळं गाव आलं. काकांनी शर्ट घातला आणि एकटेच निघाले, तेव्हा मी एका बाजूने त्यांना धरलं आणि मावशी मागून चालत आली. आम्ही मागच्या बाकावर बसलो. कंपनीच्या व्यवस्थापकाने गोल गोल बोलून सांगितलं की नमुने घेण्यात पूर्वी त्रुटी राहिली, त्यामुळे अंदाज चुकला, कंपनी काम थांबवत आहे.

सुतार उठला. "त्रुटी म्हणजे काय? चूक कोणाची?"

व्यवस्थापकाने दगडवालीकडे पाहिलं. ती कागद चाळू लागली. तिला मावशीचं नाव घ्यायचं नव्हतं, ते तिच्या मानेवरूनच कळत होतं. पण दालन थांबायला तयार नव्हतं. "सांगा ना, कोणाची? आम्ही आणखी किती वेळा मूर्ख व्हायचं?" मागून-पुढून आवाज चढू लागले. मावशीने बाकाची कड धरली आणि उठायला लागली.

काकांनी तिच्या मांडीवर हात ठेवला आणि तिला खाली दाबलं. मग त्याच हाताने तिच्या खांद्याचा आधार घेऊन ते स्वतः उभे राहिले.

"माझी," ते म्हणाले.

दम पुरेना, म्हणून दालनाला वाट बघावी लागली.

"होल मी मारले होते. जे चुकलं ते माझ्या हाताखालचं. कंपनीच्या बाईंना विचारू नका."

 मग पुढच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, "खाणमालक, पुन्हा?" आणि दोन-चार जण हसले. फार मोठ्याने नाही, पण हसले. सुताराने मान फिरवली. दगडवाली तोंड उघडून काही बोलणार होती. काकांनी तिच्याकडे बघून नकाराची मान हलवली आणि खाली बसले. त्यांचे ओठ निळसर पडले होते. मी औषध काढून दिलं.

परतताना मावशी त्यांच्या बाजूने चालत होती आणि मी मागे. आम्ही बाजाराच्याच रस्त्याने चाललो होतो. न्हाव्याच्या ओट्याशी ते दम खायला थांबले. आत दोघे-तिघे बसले होते, पण या वेळी कोणी जागा दिली नाही. काका भिंतीला टेकून उभे राहिले.

मावशीने इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "तुम्ही कशाला अंगावर घेतलंत? माझी चूक होती, मी सांगणार होते."

काकांनी श्वास जमवला. आतली माणसं आपल्याकडेच बघताहेत हे त्यांना दिसत होतं, तरी ते तिच्याकडेच बघत राहिले.

"मला सवय आहे त्याची," ते म्हणाले. "तुला सोसलं नसतं."